बालीचं चौकटीचं कापड

हॉलच्या पडद्याच्या नऊ कड्यांपैकी पाच निघाल्या होत्या, चार अजून दांडीवरच होत्या, तेवढ्यात फोन वाजला. प्रेमलता स्टुलावर चढलेली होती. गणपती चार दिवसांवर, महालक्ष्म्या आठ दिवसांवर, आणि प्रताप नगरातल्या त्या घरात धुवायचं अजून सगळंच बाकी होतं. तिने पडदा तसाच लोंबकळत सोडला, पदराला हात पुसले आणि फोन घेतला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नंदनवनात राहणाऱ्या थोरल्या जाऊबाई होत्या, कामिनीवहिनी.

"प्रेमा, कशात आहेस वं?"

"पडदे काढून राहिली, वहिनी."

"असू दे, असू दे. ऐक, खुशखबर आहे. यंदा तुला सुट्टी!"

"कशाची सुट्टी?"

"लक्ष्म्या नेसवायची. अगं, बावीस वर्षं झाली, किती राबशील? मी एक मुलगी लावली आहे, वैभवी म्हणून. लग्नाच्या नवऱ्या सजवते. आणि यंदा थीम ठेवली. सांगू? बाली!"

प्रेमलताची बोटं फोनभोवती आवळली.

"तू नाही का ते फोटो टाकले होते ग्रुपवर, तेच मी तिला पाठवले. ती म्हणे, आंटी, तुमची टेस्ट एकदम कमाल आहे! त्यात ते काळं-पांढरं चौकटीचं कापड आहे ना, देवळातल्या मूर्तींना गुंडाळलेलं, तेच नेसवणार आहे दोघींना. लाल काठ लावून. चाळीस सवाष्णी बोलावल्या आहेत, पाहतच राहतील सगळ्या."

प्रेमलताचं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आलेले होते. वहिनी, ते कापड देवीचं नाही. एवढंच वाक्य, मोजून पाच शब्द. पण तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "तू आपली वाढायला ये. पडवळं चिरायलाही कोणी पाहिजेच. आणि तो कमरेला पट्टाबिट्टा बांधून नको येऊ बाप्पा!" आणि कामिनीवहिनी खळखळून हसल्या.

प्रेमलताने तोंड मिटलं.

"बरं, वहिनी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खरं तर प्रेमलता पांढरीपांडे ही काही डूख धरणारी बाई नव्हती. सकाळी साडेपाचला उठावं, देवाची पूजा करावी, मुकुंदरावांचा चहा, मग स्तोत्र, मग कुकर. मुकुंदराव कोराडीच्या वीज केंद्रात हेडक्लार्क होते, रिटायर होऊन चार वर्षं झाली. एकुलती एक मुलगी चिन्मयी बंगलोरला नोकरी करते. घरात भांडण नाही, शेजारात उणंदुणं नाही. पण माणसाच्या पोटात एक जागा अशी असते, की तिथे कोणी बोट लावलं नाही तर जन्मभर ती आहे हेसुद्धा समजत नाही. प्रेमलताची ती जागा म्हणजे महालक्ष्म्या.

पांढरीपांड्यांच्या घरी महालक्ष्म्या थोरल्या घरीच मांडायच्या, असा कुळाचार. पत्र्याच्या दोन कोठ्या, वर पितळेचे मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्या कोठ्यांना साडी नेसवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. कोठीला ना कंबर ना खांदा. त्यात या घरची रीत अशी, की देवीच्या अंगाला टाचणी टोचायची नाही. सगळं चुण्यांवर, गाठींवर आणि हाताच्या दाबावर उभं करायचं. सासूबाईंनी ही विद्या थोरल्या सुनेला शिकवून पाहिली, तिला जमली नाही. धाकटीला एका बैठकीत आली. तेव्हापासून बावीस वर्षं प्रेमलता पहिल्या दिवशी दुपारी नंदनवनात जायची, दोघींना नेसवायची, आणि संध्याकाळी बाया यायच्या तेव्हा स्वयंपाकघरात असायची. बाहेर हॉलमध्ये "कामिनीताई, काय सुंदर नेसवल्या हो!" असं ऐकू यायचं. आणि कामिनीवहिनींचा आवाज, "देवीच करवून घेते हो."

एवढ्यावर प्रेमलताने मन मारलं असतं. पण तिला आपल्या घरी लक्ष्म्या हव्या होत्या. आपल्या दारातून, आपल्या हाताने, रांगोळीच्या पावलांवरून आत आणलेल्या. धाकटीने वेगळ्या मांडायच्या तर त्यालाही रीत होती. लक्ष्म्या उंबरठ्याबाहेर असताना थोरलीने धाकटीच्या ओटीत आपल्या हाताने नारळ-सुपारी घालायची आणि तोंडाने म्हणायचं, "ने." थोरलीने "ने" म्हटल्याशिवाय धाकटीने मांडल्या तर त्या लाभत नाहीत, असं सगळे मानत आणि प्रेमलता सगळ्यांपेक्षा जास्त मानायची. तिने चार वेळा विचारलं होतं. चारही वेळा कामिनीवहिनी म्हणाल्या होत्या, "पाहू पुढच्या वर्षी." का, ते सांगायला नको. धाकटीच्या घरी लक्ष्म्या बसल्या, तर थोरलीच्या घरच्या कोण नेसवणार?

आणि आता वैभवी मिळाली होती. म्हणजे हातही नको आणि "ने" देखील नाही.

बालीची गोष्ट अशी, की चैत्रात चिन्मयीने आईबाबांची तिकिटं काढली. प्रेमलता आधी नाहीच म्हणत होती. परदेशात काय खायचं, कुठे पूजा करायची? शेवटी तीन डबे चिवडा, मेतकूट आणि प्रवासातला छोटा बाळकृष्ण घेऊन ती विमानात बसली.

उतरल्यावर पहिल्याच सकाळी तिने खिडकीतून पाहिलं, आणि तिथेच खिळली. जिच्या घरी उतरले होते ती बाई, वायान तिचं नाव, असेल पन्नासेक वर्षांची, अंगणात फिरत होती. हातात ताट. नारळाच्या कोवळ्या पानांचे विणलेले छोटे द्रोण, त्यात फुलं, चिमूटभर भात. दारात एक, तुळशीवृंदावनासारख्या एका खांबापाशी एक, चुलीपाशी एक, स्कूटरवरसुद्धा एक. आणि ती बाई नेसली कशी होती! अंगासरशी बसलेली जाळीची पांढरी चोळी, खाली चापूनचोपून गुंडाळलेलं वस्त्र, कमरेला पिवळा शेला घट्ट बांधलेला, कानामागे चाफ्याचं फूल. लग्नाला नाही, सणाला नाही. रोजची पूजा, तिच्यासाठी एवढं.

प्रेमलताने आपल्याकडे पाहिलं. गाऊन, वर ओढणी. आपण देवीला दोन दोन तास नेसवतो, जरीचा एक दोरा इकडचा तिकडे होऊ देत नाही, आणि तिच्यासमोर उभ्या राहतो त्या अशा. तिला कोणी काही बोललं नव्हतं तरी लाजल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी देवळात जायचं होतं. तिथे शेला बांधल्याशिवाय आत सोडत नाहीत. वायानने तिच्या साडीवरूनच पिवळा शेला बांधून दिला. एक फेरा, दुसरा फेरा, पुढे गाठ. ती इंग्रजीत काही बोलली, चिन्मयीने सांगितलं, "आई, ती म्हणते, देवासमोर जाताना खालचे विकार खाली बांधून ठेवायचे, म्हणून हा शेला." मग वायानने कानामागे फूल खोचलं आणि तिला आरशासमोर उभं केलं. प्रेमलता छप्पन्न वर्षांची होती. आरशातली बाई कोण हे ओळखायला तिला दोन श्वास लागले. मुकुंदराव चपला घालता घालता थांबले आणि म्हणाले, "अरे वा!" एवढंच म्हणाले, पण सदतीस वर्षांत ते साडीबद्दल काही म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं.

पुढचे सहा दिवस चिन्मयी समुद्र पाहत होती आणि तिची आई कापडं. मूर्तींना कसं नेसवतात, छातीवरून फेरा कुठे जातो, गाठ कुठे लपते, टाचणी न लावता शेला कसा धरून ठेवतो. बोर्डिंग पासच्या पाठीवर, हॉटेलच्या बिलावर, औषधाच्या पाकिटावर तिने चुण्यांची चित्रं काढली. आणि विचारलंही सगळं. चिन्मयी कंटाळून गेली, पण वायान हौशी होती. तिने नीट सांगितलं. देवाला पांढरं आणि पिवळं. काळ्या-पांढऱ्या चौकटीचं असतं ते देवाचं नाही. दाराशी दात विचकून, सोटा घेऊन बसलेले राखणदार असतात, त्यांना ते नेसवायचं, आणि ज्या झाडावर वारा-बाधा राहते म्हणतात त्या झाडाला. ते आत न्यायचं नाही. ते बाहेरचं.

प्रेमलताने सगळे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. कामिनीवहिनींनी अंगठ्याची खूण टाकली. तेवढंच.

मग श्रावणात नंदनवनात सत्यनारायण होता. प्रेमलता मोतिया रंगाची साडी नेसली, वर पिवळा शेला बांधला, कानामागे अंगणातलं चाफ्याचं फूल. बसमध्येसुद्धा एका पोरीने विचारलं, "काकू, ही कोणती स्टाईल?" ती फुलासारखी हलकी होऊन दारात पोचली. हॉलमध्ये पंचवीस बाया. कामिनीवहिनींनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं बाई! प्रेमा, एसटीत कंडक्टर लागली का वं? पट्टा आहे, तिकिटांची पेटी कुठे विसरली?"

सगळ्या हसल्या. हसणाऱ्यांत वाईट कोणी नव्हतं, पण हसल्या. प्रेमलताने बाथरूममध्ये जाऊन शेला सोडला, घडी करून पर्समध्ये ठेवला, फूल खिडकीतून टाकलं, आणि बाहेर येऊन तीर्थप्रसाद वाटला.

ज्या शेल्याला त्या हसल्या, त्याच बालीची आता थीम झाली होती. आणि टेस्ट कोणाची, तर कामिनीवहिनींची!

संध्याकाळी मुकुंदरावांना तिने सगळं सांगितलं. ते घाबरले. "प्रेमा, सांगून टाक ना त्यांना. उगाच देवीच्या अंगावर काळं जाईल."

"काहून सांगू?" प्रेमलता म्हणाली. "मला विचारलं कोणी? मला पडवळं चिरायला बोलावलं आहे."

"अगं, पण देवीचा काय दोष?"

हा प्रश्न मात्र बोचला. त्या रात्री देवघरात दिवा लावताना तिला वर पाहवेना. शेवटी डोळे मिटूनच तिने सौदा केला. आई, तुला मी तीन दिवस काळ्यात ठेवणार नाही. घटकाभर सोस. मुखवटा चढायच्या आत उतरवते. पण त्या घटकेत मला जे पाहिजे ते मी घेणार आहे, आणि त्याबद्दल मी तुझी माफी मागत नाही.

असं कोणी देवीशी बोलतं का? पण बोलली खरी.

मग ती कामाला लागली. पहिलं काम, काटोलकडच्या गावी मनकर्णाआत्यांना फोन. मनकर्णाआत्या म्हणजे मुकुंदरावांच्या सख्ख्या आत्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. घरात कुळाचाराचा शेवटचा शब्द त्यांचा. दर वर्षी त्या दुसऱ्या दिवशी जेवायला येत, तेव्हा नेसवणं, मांडणं सगळं आटोपलेलं असे.

"आत्या, यंदा पहिल्याच दिवशी या. हे गाडी घेऊन येतात तुम्हाला न्यायला. सहाच्या आत पोचायचं."

"काहून वं? यंदा असं काय हाय?"

"लक्ष्म्या घरात येताना पाहून घ्या, आत्या. तुमचंही वय झालं."

"हे मात्र खरं बोलली," आत्या म्हणाल्या.

दुसरं काम, कपाट. सासूबाईंची पिवळी पैठणी आणि चिन्मयीच्या साखरपुड्यातलं पांढरं टसर. दोन्ही बाहेर काढून उन्हात धरली. वायानने दिलेले दोन शेले. सगळं एका कापडी पिशवीत घालून वर पडवळाच्या दोन जुड्या ठेवल्या. पिशवी पाहून कोणीही म्हणावं, बाई भाजी घेऊन चालली.

आणि तिसरं काम, रोज सकाळी घड्याळ लावून कोठीएवढ्या ड्रमवर नेसवायचा सराव. पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं लागली. सहाव्या दिवशी बारा. ड्रमातलं ज्वारीचं पीठ आतून म्हणत असेल, या बाईला झालं काय!

महालक्ष्म्यांच्या पहिल्या दिवशी दुपारी ती नंदनवनात पोचली तेव्हा वैभवीचं काम अर्धं झालं होतं. मुलगी गुणी होती, तिच्यात खोट नाही. तोंडात टाचण्या, मनगटाला टाचण्यांची गादी, आणि ज्येष्ठेच्या कोठीवर काळ्या-पांढऱ्या चौकटी अशा बसवलेल्या, की क्षणभर प्रेमलतालाही वाटलं, सुरेख. तिने नजर वळवली आणि स्वयंपाकघरात जाऊन विळी घेतली.

"कशी वाटली थीम?" कामिनीवहिनी दारात येऊन उभ्या.

"वेगळीच आहे," प्रेमलता म्हणाली.

"मग! तू तिथे आठ दिवस राहिलीस, पण डोळा पाहिजे ना वं. वस्तू सगळ्यांनाच दिसते."

प्रेमलताने पडवळाची बी काढली. "खरं आहे, वहिनी. डोळा पाहिजे."

सहाला बाया यायला लागल्या. मुहूर्त सात वीसपर्यंत होता. मुखवटे तुळशीपाशी पाटावर ठेवलेले, रांगोळीची पावलं काढलेली. बायांनी आत डोकावून पाहिलं. कोणी "वा" म्हटलं, कोणी नुसतंच "अं, छान" म्हटलं आणि शेजारणीकडे पाहिलं. कामिनीवहिनी सांगत होत्या, "ही बालीची पद्धत. तिथलेही हिंदूच ना आपले." सव्वासहाला मुकुंदराव आत्यांना घेऊन आले. आत्या काठी टेकत हॉलमध्ये आल्या, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"हे काय व्हय?"

"आत्या, हे डिझायनर आहे," कामिनीवहिनी म्हणाल्या.

"मी काय म्हणून राहिली, आन तू काय सांगून राहिली! मह्या भावाच्या घरच्या लक्ष्मीले काळं नेसवलं तुनं?"

"काळं नाही आत्या, चौकट आहे. पांढरंही आहे ना त्यात. तिकडे देवालाच नेसवतात. प्रेमानेच तर फोटो आणले!"

चाळीस बायांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. प्रेमलता हात पुसत दारात आली. आठ दिवस तिने हे वाक्य घोळवलं होतं, पण आवाज तिला वाटला होता त्याहून शांत निघाला.

"फोटो मी आणले. पण ते देवाचे नव्हते. दाराबाहेर राखणदार बसवतात, ज्या झाडावर बाधा असते ते झाड असतं, त्यांना हे कापड. तिथल्या बाईने मला सांगितलं, हे आत न्यायचं नाही म्हणून. देवीला पांढरं आणि पिवळं."

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर आवाज झाला असता. आणि वैभवीच्या तोंडातून एक पडलीच.

"काढा," आत्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढा. आन टाचण्या काहून टोचल्या? देवीच्या अंगाले टाचणी?"

वैभवी रडवेली झाली. "आजी, मला कोणी सांगितलंच नाही. पण काढून पुन्हा नेसवायला मला दोन तास लागतील."

घड्याळात साडेसहा होत होते. कामिनीवहिनींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या प्रेमलतापाशी आल्या, आवाज खाली. "प्रेमा, चल लवकर. तू नेसव."

"मी वाढायला आले आहे, वहिनी. यंदा मला सुट्टी आहे ना."

"अगं, ही काय वेळ आहे का थट्टेची?"

"थट्टा नाही. मी नेसवते. पंचवीस मिनिटांत दोघींना. लक्ष्म्या अजून उंबरठ्याबाहेर आहेत, वहिनी. त्या आत यायच्या आधी माझ्या ओटीत नारळ-सुपारी घाला आणि 'ने' म्हणा."

"हे आत्ता?"

"मुहूर्त तुमच्या घरचा. घाई तुम्हाला."

कामिनीवहिनींनी आजूबाजूला पाहिलं. चाळीस बाया, सगळ्या ओळखीच्या, त्यातल्या निम्म्या श्रावणात हसलेल्या. आत्या काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या. कोणी मधे पडेना.

"तू मला चारचौघांत..." कामिनीवहिनी पुटपुटल्या.

"हो," प्रेमलता म्हणाली. "चारचौघांतच."

कामिनीवहिनी आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात नारळ होता, सुपारी होती, ओंजळीत गहू. घाईत थोडे गहू खाली सांडले. प्रेमलताने पदर पसरला.

"ने," त्या म्हणाल्या.

"ऐकू आलं नाही मागच्यांना."

"ने म्हटलं ना!"

मग प्रेमलताने कमरेला शेला बांधला. सावकाश, सगळ्यांच्या देखत. एक फेरा, दुसरा फेरा, पुढे गाठ. या वेळी कोणी हसलं नाही. पिशवीतली पडवळं काढून तिने वैभवीच्या हातात दिली आणि खालची पैठणी काढली. "वहिनी, पदराचं टोक धरा. असं नाही, वर. आणखी वर." आणि पंचवीस मिनिटं कामिनीवहिनी पदराची टोकं धरून उभ्या राहिल्या, जिथे सांगितलं तिथे, जितकं वर सांगितलं तितकं वर. ज्येष्ठा पिवळ्या पैठणीत, छातीवरून पांढरा शेला. कनिष्ठा पांढऱ्या टसरमध्ये, पिवळा शेला. एक टाचणी नाही. कानापाशी चाफा. वरून फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या लोंबत होत्या. समया लावल्या तेव्हा मागच्या बायाही पुढे सरकल्या. मुखवटे चढले सात दहाला.

"आता कशा लक्ष्म्या दिसतेत!" आत्या म्हणाल्या आणि हात जोडले.

सगळ्यांनी फोटो काढले. त्यातल्या तिघींनी प्रेमलतालाच बाजूला उभं करून काढले. वैभवीने हळूच विचारलं, "काकू, मला शिकवाल?"

"ये प्रताप नगरला. पण टाचण्या घरी ठेवून ये."

उतरवलेलं काळं-पांढरं कापड हॉलच्या कोपऱ्यात पडलं होतं. प्रेमलताने ते उचललं, नीट घडी केली, बाहेर गेली आणि फाटकाच्या खांबाला दोन फेरे देऊन बांधलं.

"हे काय?" कामिनीवहिनी मागे येऊन उभ्या होत्या.

"हीच जागा त्याची. राखण करील. तीन दिवस राहू द्या, मधे सोडू नये म्हणतात." हे शेवटचं वायानने काही सांगितलं नव्हतं.

"तुला आधीपासून माहीत होतं."

"फोन आला त्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाल्या होत्या ना, डोळा पाहिजे." आणि ती चपला घालून गाडीकडे वळली. कामिनीवहिनी फाटकाशी तशाच उभ्या, शेजारी चौकटीचा खांब.

रात्री आत्या प्रताप नगरलाच मुक्कामाला होत्या. गाडीत मुकुंदराव पुढे, या दोघी मागे. प्रेमलताच्या मांडीवर ओटीचा नारळ होता. तिला वाटलं होतं, आज आपल्याला खूप हसू येईल. हसू नव्हतं. पण पश्चात्तापही नव्हता. तिने आत चाचपून पाहिलं, खरंच नव्हता. जिथे बावीस वर्षं ठुसठुसत होतं तिथे आता काही दुखत नव्हतं, एवढंच.

"मले काहून लवकर बलावलं ते समजलं मले," आत्या अंधारातूनच म्हणाल्या. "मी म्हातारी हाओ, येडी नाही. तुनं मह्या हातानं तिले मारलं."

प्रेमलताने मांडीवरचा नारळ सरळ केला.

"कामिनीनं चार डाव तुले नाही म्हटलं, ते मलेही ठाऊक हाय. मी तरी कुठं बोलली? म्हणून मी आज काही म्हणली नाही. पण देवीले घटकाभर काळ्यात उभं केलं तुनं, जाणूनबुजून. त्याचं तू आन देवी पाहून घ्या."

"घेईन, आत्या."

"'ने' म्हणली ना ती?"

"दोनदा."

"मंग झालं. आता मांडायच्या तर नीट मांड. उसन्या मुखवट्यावर नको. चांगल्या नाकाडोळ्याचे पाहून घे. आन त्या शेल्याची गाठ सैल होती वं कनिष्ठेची."

"सैल नव्हती आत्या. ती तशीच बांधतात."

"तू सांगशीन आता मले!"

मुकुंदराव पुढच्या सीटवरून म्हणाले, "प्रेमा, मुखवटे आपण पुढच्या वर्षी पाहू ना. अजून एक वर्ष आहे."

"पुढच्या वर्षी पाहू, हे शब्द मी आता कोणाकडूनच ऐकणार नाही," प्रेमलता म्हणाली. "विसर्जन झालं की लगेच. तुम्ही स्कूटरमध्ये पेट्रोल भरून ठेवा. शनिवारी सकाळी दहाला महाल भागात, मूर्तिकारांच्या चितार ओळीत जायचं आहे, मुखवट्यांची जोडी सांगायला."